संग्रामदुर्ग, बारा संकेत आणि एक कर्सर

१९९१ साली एमएस-डॉसच्या ५.० आवृत्तीसोबत 'डॉसकी' आली. वरचा बाण दाबताच जुन्या आज्ञा एकेक करून परत येत. कर्सर मागे नेऊन चुकलेले अक्षर तेवढे सुधारता येई. त्यापूर्वी एफ-३ कळीने केवळ शेवटची आज्ञा मिळे.

इंग्रजीत हे सोपे होते: एक अक्षर, एक संकेत, पडद्यावर एक चौकोन. देवनागरीत हा हिशेब मोडतो. चाकणच्या किल्ल्याचेच नाव पाहावे: संग्रामदुर्ग. डोळ्यांना अक्षरे पाच. १९९१च्याच 'इस्की' प्रमाणकानुसार संकेत मात्र बारा. अनुस्वार, काना, उकार, दोन्ही हलन्त, सारे स्वतंत्र. रफार तर दिसतो 'ग'च्या डोक्यावर आणि साठवला जातो त्याच्या आधी!

पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवली. मजकूर मराठी झाला. आज्ञा मात्र 'डिर' आणि 'कॉपी'च राहिल्या.

युनिकोडमधील देवनागरी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणूनच आजही बहुतेक मोबाइलवर 'संग्रामदुर्ग' लिहून बॅकस्पेस दाबला, तर 'र्ग' एकदम पुसला जात नाही. आधी 'ग' जातो आणि पाय मोडलेला 'र्' मागे उरतो.