‘कॉम्प्युटर’ : पदनाम ते यंत्र

तुमच्या प्रयोगशाळेत किती कॉम्प्युटर आहेत असे विचारले, तर तुम्ही टेबलांवरची यंत्रे मोजाल. १८३१ साली भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कचेरीत हाच प्रश्न विचारला असता, तर माणसे मोजावी लागली असती.

हा शब्द हिशेब करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. इंग्रजीत तो १६१३ पासून आढळतो आणि तेथे तो माणसासाठीच आहे. पुढे तर ते पदनाम झाले. १७६७ पासूनच्या ब्रिटिश नाविक पंचांगासाठी चंद्राची स्थाने काढणारे कॉम्प्युटर घरी बसून काम करत. तेच गणित दोघांकडून वेगवेगळे करून घेत आणि तिसरा माणूस ताळा पाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. कोलकात्याचे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये, विशीही न गाठलेले असताना, सर्वेक्षणात कॉम्प्युटर म्हणून रुजू झाले आणि १८४९ मध्ये मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयाची शिखरे शेकडो किलोमीटरवरून थिओडोलाइटने पाहिलेली. पृथ्वीची वक्रता आणि हवेतील प्रकाशाचे वक्रीभवन धरून त्या कोनांतून उंची काढायची, तीही लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर! ‘शिखर १५’ची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ मध्ये जाहीर झाले. सिकदार धावत साहेबांकडे गेले वगैरे गोष्ट परीक्षेत लिहू नका. हे अनेकांचे, काही वर्षांचे काम होते. पण शिखराला नाव मिळाले ते १८४३ मध्येच निवृत्त झालेल्या एव्हरेस्ट यांचे. सर्वेक्षणाच्या १८५१ च्या मार्गदर्शक ग्रंथात सिकदारांचा ऋणनिर्देश होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७५ च्या आवृत्तीत, तोही गाळला. मजकूर मात्र ठेवला.

अमेरिकेत १९४६ मध्ये एनिॲक हे इलेक्ट्रॉनिक यंत्र जगापुढे आले. त्याची आज्ञावली बसवणाऱ्या सहा स्त्रिया त्याआधी तोफगोळ्यांच्या मार्गांचे गणित हाताने करत. त्यांचे पदनाम कॉम्प्युटर. त्यांचीही नावे बरीच वर्षे कुणी घेतली नाहीत. यानंतर हा शब्द हळूहळू यंत्राकडे गेला.

मराठीतला ‘संगणक’ यंत्रासाठीच घडवलेला. त्यातला जुना ‘गणक’ मात्र माणूसच होता, पंचांगाचे गणित मांडणारा.