औट्रम घाटातला वाघ

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना जो घाट चढावा लागतो, त्याला जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे. १९८६ मध्ये भोवतालच्या जंगलाचे अभयारण्य झाले, तेव्हा हे नावही सोबत आले : गौताळा औट्रमघाट. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे रान जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. मार्च २०२१ मध्ये इथल्या एका ट्रॅप कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला. वनखात्याच्या सांगण्यानुसार त्याआधी इथे वाघ दिसला होता तो १९४० च्या सुमारास.

वाघ परतला तो नेमका औट्रमच्या घाटात, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांच्या लुटालुटीने गावेच्या गावे ओस पडली होती. शेतांवर झाडोरा माजला होता आणि वाघ वेशीपर्यंत येत होते. औट्रम १८२५ मध्ये इथे आला आणि धरणगावला त्याने भिल्लांची पलटण उभारली. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो बराचसा शिकारीतल्या धाडसाच्या जोरावर. गोल्डस्मिडने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात खानदेशातल्या दहा वर्षांचा शिकारीचा हिशेब आहे. त्यात वाघच दोनशेच्या आसपास भरतात. हा हिशेब एकट्याच्या बंदुकीचा नव्हे. माग काढणारे आणि हाका घालणारे भिल्ल होते, म्हणून तो आकडा झाला. हिशेबाला नाव मात्र साहेबाचे.

खानदेशच्या वाघाची जुनी लेखी नोंद म्हणजे बहुतेक अशी मेलेल्या वाघाची नोंद. किती मारले ते कळते. किती उरले, हे त्यावरून कळत नाही. न मारता वाघाची नोंद करायची, तर साधन वेगळे हवे होते.

अमेरिकेत जॉर्ज शिरास याने तारेला धक्का लागताच छायाचित्र निघेल अशी युक्ती करून रात्रीची जनावरे टिपली. १९०६ मध्ये ती चित्रे नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आली. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने शिवालिकच्या जंगलात त्याच वाटेने वाघाचे फोटो काढले. त्याचे पुस्तक १९२७ चे, म्हणजे शिकारीच्या ऐन भरातले. पुढे १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधला, आणि २००६ च्या देशव्यापी गणनेपासून ही पद्धत सर्वत्र रुजली.

युक्ती साधी आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघाभर उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. आताच्या कॅमेऱ्याला तार लागत नाही. अंगाची ऊब हलली की तो फोटो घेतो. आमच्याकडच्या वैशाखात हीच अडचण होते. हवाच अंगाइतकी तापली की कॅमेऱ्याला जनावर नीट कळत नाही, उलट उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी फोटोंचा ढीग पडतो.

गौताळ्याच्या वाघाचे पट्टे ताडून पाहिले, तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. सरळ रेषेतच हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि वाघ काही सरळ रेषेत चालत नाही. मधे कापसाची शेते, महामार्ग, नद्या, गावे. औट्रमच्या काळात मारलेला वाघ कुठून आला होता, हे विचारायची सोयच नव्हती.

तरी १९४० ते २०२१ हा काळ कोरा होता, असे मी म्हणणार नाही. ‘दिसला नाही’ म्हणजे कागदावर आला नाही, एवढेच. गुराख्याने सांगितलेला वाघ नोंदवहीत क्वचितच चढतो. आजही कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे ठरते पाणवठ्यावरच्या ठशांवरून, आणि ते ठसे वाचतात वनरक्षक, वनमजूर, रानात गुरे नेणारी माणसे. फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख असते, वेळ असते, तापमानही असते. झाड दाखवणाऱ्याचे नाव लिहायला तिथे जागा नाही.