जिभेच्या कॅन्सरची 'स्टेज' डॉक्टर कशी ठरवतात?

परळ-भोईवाड्यात टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या बाहेर फाइल काखेत धरून उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक सवाल हमखास असतो : "कुठली स्टेज सांगितली?" उत्तर 'चौथी' आलं की घरच्यांचा धीर सुटतो. काहीजण इलाज सुरू न करताच गावाला परततात. म्हणून हा आकडा नेमका कशावरून ठरतो, ते आपण समजून घेऊ या.

पहिली पायरी म्हणजे बायोप्सी. जखमेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा काढल्याने किंवा सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाकावी. पण बायोप्सीने फक्त कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा, एवढंच कळतं. स्टेज त्यानंतर ठरते.

स्टेजसाठी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. त्यांना टी, एन आणि एम म्हणतात.

टी म्हणजे मूळ गाठ. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने जीभ चाचपतात, कारण वरून लहान दिसणारी जखम आत खोल गेलेली असू शकते. खोली पाहायला एमआरआय आणि जबड्याचं हाड पाहायला सीटी स्कॅन उपयोगी पडतो. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर टी-१. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली १० मिलिमीटरपर्यंत असेल तर टी-२. त्याच्या वर गेली की टी-३. गाठ मोठीही आणि खोलही असेल, किंवा जबड्याच्या हाडात वा चेहऱ्याच्या त्वचेत शिरली असेल, तर टी-४.

एन म्हणजे मानेतल्या ग्रंथी. जिभेचा कॅन्सर बहुधा आधी मानेत उतरतो. त्यासाठी मान चाचपतात, सोनोग्राफी किंवा स्कॅन करतात, शंका आली तर ग्रंथीतून सुईने पेशी काढून तपासतात. ग्रंथी एक की अनेक, एका बाजूला की दोन्ही, किती मोठी, आणि कॅन्सर तिचं आवरण फोडून बाहेर आला का, हे सगळं मोजलं जातं.

एम म्हणजे दूरचा फैलाव, जास्त करून फुप्फुसात. त्यासाठी छातीचा सीटी किंवा गरजेप्रमाणे पेट-सीटी करतात.

तिन्हींची बेरीज म्हणजे स्टेज. टी-१ आणि मान साफ, तर पहिली. टी-२ आणि मान साफ, तर दुसरी. टी-३, किंवा मानेत त्याच बाजूला ३ सेंटिमीटरपर्यंतची एकच ग्रंथी, तर तिसरी. त्यापुढे चौथी. पण चौथीचे तीन भाग आहेत : ए, बी आणि सी. दूर पसरलेला कॅन्सर फक्त 'सी' मध्ये येतो. 'चार-ए' मध्ये पुष्कळदा ऑपरेशन आणि त्यानंतर रेडिएशन, काहींना सोबत केमो, देऊन बरं करण्याच्या इराद्यानेच इलाज होतो. म्हणून 'चौथी' ऐकून उठू नका. "ए, बी की सी?" हे जरूर विचारा.

ऑपरेशननंतर काढलेला भाग पुन्हा तपासला जातो आणि तेव्हा स्टेज बदलू शकते. याचा अर्थ आधीचे डॉक्टर चुकले असा नाही. स्कॅनमध्ये न दिसलेले बारीक कण सूक्ष्मदर्शकात दिसतात, इतकंच.

मानेचं महत्त्व किती, ते १९४१ साली सुरू झालेल्या याच टाटा हॉस्पिटलने जगाला दाखवलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यात बहुतेक जिभेचे होते. मानेत गाठ लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनात ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. मानेत गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणून डॉक्टर "मान पण करावी लागेल" म्हणाले, तर घाबरून नकार देऊ नका.

एक खुलासा : हे सगळं जिभेच्या पुढच्या दोन भागांबद्दल आहे. मागचा तिसरा भाग घशात मोडतो, त्याचे नियम वेगळे आहेत.

तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, विशेषतः घरात कुणी मावा, गुटखा, खैनी, मिश्री किंवा सुपारी खात असेल, तर दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. पहिल्या स्टेजला जखम बऱ्याचदा दुखतच नाही.