खानदेशचा रोशा, तुर्कस्तानचे नाव

अँटॉप हिलला राहणाऱ्या मला मुंबई बंदर शेजारचेच. या बंदरातून कापूस गेला, अफू गेली, हे आपण वाचतो. खानदेशच्या रानातल्या एका गवताचा सुगंधही इथूनच गेला, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ते गवत म्हणजे रोशा.

रोशाच्या दोन जाती. मोतियाचे तेल गोडसर, गुलाबाकडे झुकणारे. सोफियाचे उग्र, आल्याची आठवण देणारे. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून हंड्यात पाण्यासह उकळायचे, वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारे तेल काढून घ्यायचे, अशी ही रानातली भट्टी.

19व्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांवाटे इस्तंबूलला पोहोचे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. वास्तविक ते तुर्कीही नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते. 1871 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी हिंदुस्थानातील अशाच गवती तेलातून मुख्य सुगंधी द्रव्य वेगळे केले. त्याचेही नाव पडले ‘जिरेनिऑल’. हेच द्रव्य गुलाबातही असते, म्हणून तर ती मिसळ सहज खपून जाई.

गुलाबात रोशा मिसळणाऱ्यांना इतिहास भेसळखोर म्हणतो. मला त्याहून मोठी भेसळ नावातली वाटते. आज जगभरचे अत्तरवाले याच तेलाला ‘पामारोझा’ म्हणतात. रानात भट्टी पेटवणाऱ्यांनी दिलेला ‘रोशा’ हा शब्द निदान आपण मराठीत तरी जपायला हवा.