लिंगझी: दोन हजार वर्षांचं नाव, आजची क्रीम



‘अळंबीच्या अर्काची क्रीम गटातून विका,’ असं सांगणारे हल्ली गावोगावी येतात. चीनचं दोन हजार वर्षांचं औषध, असं ते म्हणतात. त्या नावाचा इतिहास आज आपण पाहू.

ही अळंबी म्हणजे लिंगझी. जपानात तिला रेशी म्हणतात. ती झाडाच्या खोडावर उगवते. आपल्या धिंगरीसारखी मऊ नसते. लाकडासारखी टणक, तांबूस, वार्निश लावल्यागत चकचकीत आणि कडू असते. म्हणून तिची भाजी नाही, काढा करतात. ‘शेननोंग बेन्साओ’ या चिनी औषधग्रंथात तिचे रंगावरून सहा प्रकार दिले आहेत. ती घेतल्यानं आयुष्य वाढतं, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे तिची कीर्ती पोटात घेण्याची. तोंडाला लावण्याची नव्हे.

ही कीर्तीही सगळ्यांनी मानली नाही. ली शिझेन हे चीनचे मोठे वैद्य. त्यांचा ग्रंथ १५९६ मध्ये छापला गेला. कुजक्यातून उगवणारी ही वस्तू खाऊन माणूस अमर होतो, ही समजूत त्यांनी चुकीची ठरवली. जुनं आहे म्हणून खरं, असं त्या काळीही नव्हतं.

रानात लिंगझी क्वचित सापडे, म्हणून महाग होती. १९७० नंतर जपानात ती लाकडाच्या भुशावर पिकवायला जमलं. माल वाढला, तशी पावडर आली, कॉफी आली, क्रीमही आली.

मग पुरावा काय? प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर काही चांगले परिणाम दिसले आहेत. पण माणसाच्या चेहऱ्यावर मोठ्या, नीट चाचण्या फारशा नाहीत. ताटलीतल्या पेशीपर्यंत अर्क सहज पोचतो. आपल्या कातडीचा वरचा थर मात्र बऱ्याच गोष्टी बाहेरच अडवतो.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही नाही. शिटाके ही रोजच्या जेवणातली अळंबी. ती कच्ची खाल्ल्यानं अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं, हे जपानी डॉक्टरांनी १९७७ मध्ये नोंदवलं.

तेव्हा गटाची बचत गुंतवण्याआधी डबी उलटून पाहू. परवाना क्रमांक, घटकांची यादी, शेवटची तारीख आहे ना? वापरायचीच असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून काही दिवस पाहू. खाज किंवा लाली आली, तर बंद. डाग, इसब बरं करण्याची हमी कुणी दिली, तर डबी परत करू आणि डॉक्टरांकडे जाऊ.