तापलेल्या पाइपची जाडी आवाजाने कशी मोजतात?

रिफायनरीच्या काही पाइपांमधून ३०० अंश सेल्सिअसहून जास्त तापलेलं तेल दिवसरात्र वाहत असतं. तेलात गंधकाची संयुगं असतात आणि साधारण २३० ते ४२५ अंशांच्या दरम्यान ती पोलादाला आतून खात जातात. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. आतली भिंत किती उरली हे प्लांट बंद न करता समजून घ्यायचं, तर अल्ट्रासॉनिक सेन्सर हा सगळ्यात सोयीचा मार्ग आहे. आपण शाळेत 'श्राव्यातीत ध्वनी' शिकलो, तोच हा. तत्त्व पोटाच्या सोनोग्राफीचंच, फक्त इथला पेशंट चुलीवरच्या तव्यापेक्षा गरम असतो.

सेन्सरमध्ये एक पिझोइलेक्ट्रिक चकती असते. विजेचा झटका मिळाला की ती थरथरते, आवाजाची लाट भिंतीत शिरते, आतल्या बाजूला आपटून परत येते आणि चकती त्या धक्क्याची पुन्हा वीज करते. जाऊन-येऊन लागलेला वेळ गुणिले वेग, भागिले दोन, झाली जाडी. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. म्हणजे ८ मिलिमीटरच्या भिंतीत सगळा प्रवास जेमतेम २.७ मायक्रोसेकंदांचा.

उष्णता काय बिघडवते?

आधी ती चकती. बहुतेक सेन्सरमध्ये पीझेडटी नावाचं सिरॅमिक असतं. त्याच्या आतले सूक्ष्म विद्युत-भाग कारखान्यातच एका दिशेला वळवून ठेवलेले असतात. क्युरी तापमान ओलांडलं की ही शिस्त मोडते, आणि थंड केल्यावर आपोआप परत येत नाही. पीझेडटीच्या नेहमीच्या प्रकारांत ही मर्यादा ३५० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे व्यवहारात साधारण त्याच्या निम्म्यापर्यंतच ते बिनधास्त वापरतात. लिथियम नायोबेटचं क्युरी तापमान १,१०० अंशांच्या वर आहे, पण त्याचा सिग्नल पीझेडटीपेक्षा बराच दुबळा.

मग येतं जेल. चकती आणि धातूमध्ये हवेची बारीक फट राहिली तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच मागे फिरतो, म्हणून मध्ये जेल लावावं लागतं. साधं जेल पाण्याचं असतं, ते उकळून जातं. गरम कामासाठी वेगळ्या पेस्ट मिळतात, पण त्याही लवकर वाळतात. त्यामुळे हातातल्या प्रोबने मोजताना काही सेकंद टेकवायचं, आकडा घ्यायचा, उचलून थंड होऊ द्यायचं, अशी कसरत चालते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. पोलाद तापलं की त्यातला आवाज मंदावतो. दर ५५ अंशांना साधारण १ टक्का, असा ठोकताळा आहे. आता समजा, यंत्र ३० अंशांच्या तुकड्यावर सेट केलं आणि ३४० अंशांच्या पाइपला लावलं. फरक ३१० अंशांचा, म्हणजे वेग साडेपाच टक्क्यांहून कमी. यंत्राला हे ठाऊक नाही. लाट उशिरा आली, म्हणजे भिंत जाड, असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात ८ मिलिमीटर असलेली भिंत ८.४५ दाखवली जाते. पाइप वर्षाला ०.२ मिलिमीटर झिजत असेल, तर दोन वर्षांहून जास्त झीज या एका चुकीत लपून जाते! आणि ही चूक नेहमी धोक्याच्याच बाजूला होते. म्हणून तापमान न लिहिलेला जाडीचा आकडा मी अर्धवट समजतो.

यावर एक साधा उपाय निघाला: चकतीच आगीपासून लांब ठेवायची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधनातून पर्मासेन्स ही कंपनी उभी राहिली. त्यांच्या सेन्सरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या दोन लांब, पातळ पट्ट्या पाइपला दाबून बसवतात. एका पट्टीतून लाट खाली जाते, दुसरीतून वर येते. पट्टी पातळ असल्यामुळे उष्णता वाटेतच हवेत निघून जाते, आणि वरच्या टोकाला साधी चकती, बॅटरी व वायरलेस सुखाने राहतात. ६०० अंशांपर्यंतच्या पाइपवर हे चालतं. सेन्सर जागचा हलत नसल्याने आज आणि महिन्याभराने अगदी तीच जागा मोजली जाते, त्यामुळे झिजण्याचा वेगही भरवशाने कळतो. जास्त गंधकाचं तेल सुरू केलं आणि झीज वाढली, तर पुढच्या शटडाउनची वाट पाहावी लागत नाही.

पण सेन्सर बोलतो तो फक्त स्वतःच्या पायाखालच्या जागेबद्दल. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे शेव्हरॉनच्या रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी ८ इंची पाइप फुटला. १९ कर्मचारी तेलाच्या वाफेच्या ढगात सापडले. सगळे वाचले, पण नंतर आग भडकली आणि धुरामुळे परिसरातल्या सुमारे १५,००० लोकांनी दवाखाने गाठले. चौकशीत दिसलं की फुटलेल्या ५२ इंची तुकड्याच्या पोलादात सिलिकॉन कमी होतं. असं पोलाद गंधकापुढे लवकर हार मानतं. तो तुकडा नाण्याहून पातळ झाला होता, तर त्याच पाइपचे जास्त सिलिकॉनचे भाग बरेच शाबूत होते.

जाडी मोजायच्या जागा सहसा वळणांवर आणि जोडांवर ठरवलेल्या असतात. सरळ तुकडा त्यातून सहज निसटतो. जुन्या कार्बन स्टीलच्या लाइनवर महागडे सेन्सर बसवण्याआधी प्रत्येक तुकडा एकदा तरी हाताने मोजावा, शक्य तिथे सिलिकॉन तपासावं, आणि सगळ्यात पातळ निघालेल्या तुकड्यांवर आधी पट्ट्या बसवाव्यात.