हौशी रेडिओतील अतिउच्च वारंवारतेच्या स्पर्धा आणि दख्खनचे पठार : एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रातील हौशी रेडिओचा उल्लेख सामान्यतः दोन प्रसंगांच्या निमित्ताने होतो. पहिला १९४२ मधील काँग्रेस रेडिओचा व दुसरा १९९३ मधील किल्लारी भूकंपाचा. एकात देशकार्य, दुसऱ्यात आपत्तिसेवा. या दोहोंमध्ये ज्या गोष्टीमुळे हा छंद ‘हौशी’ ठरला ती हौस मात्र इतिहासलेखनातून निसटते. हौशीचे सर्वांत निर्भेळ रूप म्हणजे स्पर्धा. ठरावीक तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी, जास्तीत जास्त अंतरावर संपर्क साधावयाचा. बक्षीस असलेच तर एक प्रमाणपत्र. अशा ‘निरुपयोगी’ उद्योगाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने का पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लघुलहरी आयनावरणावरून परावर्तित होऊन खंडाखंडांपलीकडे पोहोचतात. त्यामुळे त्या पट्ट्यांवर मुंबईतील गच्चीवरून युरोपशी बोलणे फारसे नवलाचे नाही. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अतिउच्च वारंवारतेला सहसा हा आधार मिळत नाही. तिथे उंची, मोकळे क्षितिज आणि हवेची स्थिती यांवरच भिस्त. त्याहून वरच्या सूक्ष्मलहरींमध्ये तर अँटेनाचा रोख काही अंशांनी चुकला तरी संपर्क हुकतो. म्हणून या स्पर्धा डोंगरमाथ्यावरून खेळल्या जातात. युरोपात साधारणतः प्रत्येक किलोमीटरला एक गुण देतात; अमेरिकेत नकाशावरील किती चौकोनांशी संपर्क झाला यालाही महत्त्व असते. या चौकोनांची पद्धत १९८० मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथील बैठकीत ठरली. प्रत्येक चौकोन दोन रेखांश रुंद व एक अक्षांश उंच असतो.

या पद्धतीने पाहिले असता छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) स्थान मोठे मौजेचे ठरते. शहर व देवगिरीचा किल्ला ‘एमके ७९’ या चौकोनात येतात. वेरूळ आणि म्हैसमाळ मात्र वीस अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे असल्याने ‘एमएल ७०’ मध्ये मोडतात. म्हणजे जेमतेम चाळीस किलोमीटरचा घाटरस्ता चढताच चौकोन तर बदलतोच, शिवाय पठारापेक्षा सुमारे पाचशे मीटरची उंचीही पदरात पडते. म्हैसमाळहून कळसूबाई सुमारे १६५ किलोमीटरवर आहे. दोन्ही माथ्यांची पठारावरील उंची हिशेबात घेता त्यांची रेडिओ-क्षितिजे एकमेकांना सहज ओलांडतात. मधला एखादा डोंगर आडवा येतो की नाही, हे मात्र कागदावर पुरते ठरत नाही. ते पाहण्यासाठीच स्पर्धा असते.

तथापि महाराष्ट्रात ही परंपरा लघुलहरींच्या स्पर्धांइतकी रुजली नाही. त्याचे एक कारण भूगोलात असले, तरी दुसरे राज्यसंस्थेच्या दृष्टीत शोधावे लागते. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने यंत्र बाळगण्यासाठीच परवाना आवश्यक केला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले व प्रक्षेपक जमा करण्याचे आदेश निघाले. वसाहतवादी सरकारची भीती निराधार नव्हती, हे तीनच वर्षांत दिसून आले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून सुरू झालेले, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त केंद्र ‘४२.३४ मीटर’वर असल्याचे जाहीर करीत असे. हा आकडा वारंवारतेत मांडला तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतो, म्हणजे थेट हौशींच्या चाळीस मीटर पट्ट्यात. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले. स्वातंत्र्यानंतर परवाने मिळू लागले. १९४८ मध्ये महू येथे देशव्यापी संघटनेची पायाभरणी झाली. परंतु छंदाने आपली उपयुक्तता सिद्ध करीत राहावे, ही अपेक्षा कायम राहिली.

त्याच युद्धकाळात मुंबईच्या किनाऱ्यावर एक विलक्षण नोंद झाली. सुमारे २०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या रडारला १७०० मैलांवरील, म्हणजे सुमारे २७०० किलोमीटरवरील, अरबस्तानच्या भूमीचे प्रतिध्वनी मिळाले. कोरडी उष्ण हवा समुद्रालगतच्या दमट थरावर पसरली की दोहोंमध्ये जणू एक नळी तयार होते आणि लहरी पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वाकत जातात. पावसाळी वारे हे थर विस्कटून टाकतात. हौशी ज्या दुर्मीळ संधीची वर्षानुवर्षे वाट पाहतात, ती लष्करी यंत्राला आपसूक गवसली होती. सह्याद्रीची भिंत आड येत असल्याने या सागरी मार्गाचा लाभ पठाराला होणे कठीण, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हौशी केंद्रचालक तेथे पोहोचले आणि त्यांनी संदेशवहनास हातभार लावला. या सेवेचा गौरव योग्यच आहे. मात्र किल्लारी संभाजीनगरपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरवर असून मध्ये बालाघाटच्या रांगा आहेत. अशा प्रदेशात कोणत्या माथ्यावरून कोणत्या गावाशी बोलता येते, हे ज्ञान आपत्तीच्या दिवशी मिळवता येत नाही. ते आधी, कोणतीही निकड नसताना, रिकाम्या वेळी जमवावे लागते. सेवेला मान देणारा आणि खेळाला गौण मानणारा दृष्टिकोन या ठिकाणी अपुरा पडतो.

५ मे २००५ रोजी इस्रोने प्रक्षेपित केलेल्या ‘हॅमसॅट’ उपग्रहाने हा उंचीचा प्रश्न काही काळ सोडविला. ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात संदेश घेऊन १४५ मेगाहर्ट्झवर परत पाठविणारा हा उपग्रह २०१४ पर्यंत चालला. तो माथ्यावरून जात असताना मराठवाड्याच्या सपाटीवरील केंद्रालाही सह्याद्रीचा अडसर उरत नसे.

या इतिहासाची मुख्य साधने शासकीय दप्तरात कमी आणि घरांत अधिक आहेत. परवान्याच्या अटींनुसार केंद्रचालकाला नोंदवही ठेवावी लागे : दिनांक, वेळ, वारंवारता, समोरच्या केंद्राचे संकेतनाम. संपर्काची पोच म्हणून येणारी कार्डे त्याला जोड देतात. एका पिढीच्या निधनानंतर हा ऐवज बहुधा रद्दीत जातो. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्रितपणे अशा नोंदवह्या मिळवून त्यांच्या प्रती केल्या, तर कोणत्या डोंगरावरून कोणत्या ऋतूत आवाज कुठवर पोहोचला याचा नकाशा तयार करता येईल.